मोडी वाचकांचा गट वाढत गेला आणि चालवणारे दमले. आता काय करावे?

प्रश्न : बोरू_आणि_दौत

सर्वांना नमस्कार.

2020 च्या टाळेबंदीत मोडी लिपीचा दहा दिवसांचा ऑनलाइन वर्ग पुरा केलेल्या आम्ही अकरा जणांनी, शिकलेले विसरून जाऊ नये एवढ्याच हेतूने, एक व्हॉट्सॲप गट काढला. रोज सकाळी एकाने जुन्या कागदातील एक ओळ टाकायची, दिवसभरात बाकीच्यांनी ती देवनागरीत उतरवायची आणि रात्री ओळ टाकणाऱ्याने बरोबर वाचन सांगायचे, असा साधा नेम होता. वर्षभरात आम्ही चाळीस-पन्नास झालो, तरी नेम मोडला नाही. कोणाचे वाचन किती पक्के आहे, कोण 'व' आणि 'ब' यांत हमखास गफलत करतो, हे सर्वांना ठाऊक असे.

तेव्हा व्हॉट्सॲपच्या गटाला 256 जणांची मर्यादा होती. ती आमची कुंपणभिंतच होती, हे ती गेल्यावर कळले. 2022 मध्ये मर्यादा आधी 512 आणि मग 1024 झाली, आणि 'जागा आहे तर येऊ द्या' असे म्हणत आम्ही येईल त्याला आत घेत गेलो. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, राज्यभर जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि त्यांतील पुष्कळ नोंदी मोडीत असल्यामुळे मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे एवढी मागणी आली. आमच्या गटाचा दुवा कोणी कोठे पाठवला हे देव जाणे, पण दोन-अडीच महिन्यांत गट नऊशेच्या पुढे गेला, म्हणून दुसरा काढला, आणि आज दोन्हींत मिळून साडेबाराशे माणसे आहेत.

सकाळी उठावे तर दीडशे-दोनशे निरोप साठलेले असतात. त्यांत सुविचार, फुलांची चित्रे, अधूनमधून राजकारण, आणि उरलेले कागदांचे फोटो. निम्म्या फोटोंत कागदापेक्षा धरणाऱ्याचा अंगठा मोठा दिसतो. खाली 'अर्जंट आहे, उद्या तालुक्याला द्यायचे आहे' असे लिहिलेले असते, आणि दोन तासांत उत्तर आले नाही की माझा फोन वाजतो. परवा जेवणाच्या ताटावर असताना तीन फोन आले. सुरुवातीच्या अकरांपैकी सहा जण निघून गेले आहेत. माझ्या जोडीचे दुसरे ॲडमिन होते, त्यांनी प्रकृतीचे कारण सांगून हात वर केले, आणि खरे कारण प्रकृती नाही हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

त्यात दोन प्रकार असे घडले की मी हादरलो. एका सभासदाने गटात कोणीतरी सहज केलेले वाचन टाइप करून अर्जाला जोडले. त्यात आडनाव चुकीचे वाचलेले होते, आणि दोष मात्र गटावर आला. दुसरे म्हणजे, फोटो टाकणाऱ्यांना खाजगीत गाठून वाचनाचे पैसे मागणारे एक गृहस्थ निघाले. पैसे मागण्यालाही माझी हरकत नाही, पण ते गटाच्या नावावर मागत होते.

रोजची ओळ दीड वर्षापूर्वी बंद पडली, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. माझे प्रश्न असे आहेत. गट बंद करावा काय? टेलिग्रामवर न्यावा काय? की ज्यातून शिकणे सुरू राहील आणि मला रात्री झोप लागेल असा काही सोपा घाट बसवता येतो? मी निवृत्त माणूस आहे, वेळ आहे, पण दिवसभराचा नाही.

उत्तर : गच्चीवरचा_भोपळा

माझा मोडीशी संबंध नाही, पण गच्चीवर भाजीपाला लावणाऱ्यांचा गट मी नाशकात आठ वर्षे चालवला आणि तुमच्या मुक्कामाला मीही पोचलो होतो, म्हणून लिहितो.

तुमच्याकडे एक गट नाही, एका दाराआड तीन गोष्टी कोंबलेल्या आहेत: शिकणाऱ्यांचा वर्ग, हौशी लोकांचा कट्टा आणि नडलेल्यांची खिडकी. वर्गाला शांतता लागते, कट्ट्याला गप्पा लागतात आणि खिडकीवर प्रत्येकाला आपला नंबर आधी हवा असतो. या तिन्ही एका जागी ठेवल्या की सर्वांत मोठा आवाज खिडकीचा असतो, आणि वर्ग पहिला उठून जातो. तुमची रोजची ओळ कोणी बंद केली नाही. ती या गोंगाटात कोणाला दिसेनाशी झाली. आमच्याकडेही 'पानावर पांढरी कीड आली, लगेच उपाय सांगा' या फोटोंखाली बियाण्यांची देवाणघेवाण गाडली गेली होती.

माणसे वाढली की काम त्याच पटीत वाढत नाही, हे आधी कागदावर मांडून पाहा. अकरा माणसांत परस्परसंबंधांच्या जोड्या 55 होतात, पन्नास माणसांत 1225, आणि साडेबाराशे माणसांत सात लाख ऐंशी हजारांच्या वर. प्रत्येक जोडी भांडत नाही हे खरे, पण 'हा कोण, याचे कितपत ऐकावे' हे पन्नासांत आपोआप कळते आणि साडेबाराशेंत कोणालाच कळत नाही. मग प्रत्येक जण ज्याचे नाव ठाऊक आहे त्यालाच, म्हणजे तुम्हालाच, विचारतो. तुमचा फोन वाजतो त्यामागे लोकांचा उद्धटपणा थोडा आहे आणि ही बेरीज जास्त आहे.

म्हणून आधी दुवा रीसेट करा, म्हणजे गावभर फिरत असलेला जुना दुवा निकामी होईल, आणि नवीन सभासदाला ॲडमिनची संमती लागेल अशी सेटिंग चालू करा. ही दोन कामे पाच मिनिटांची आहेत आणि आजच करण्यासारखी आहेत. पुढचे सगळे सावकाश करता येते, पण नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही.

त्यानंतर या दोन्ही मोठ्या गटांत फक्त ॲडमिनला लिहिता येईल असे करून टाका. कोणाला काढू नका, कारण काढलेला माणूस दुखावतो आणि जाता जाता चार गोष्टी बोलून जातो. मोठे गट केवळ सूचनाफलक म्हणून राहू देत. आठवड्यातून एक सूचना, जास्त नाही. मग वर्गासाठी तिसरा, लहान गट काढा, आणि त्यात येण्यासाठी एक लहानशी पायरी ठेवा: एक सोपी मोडी ओळ पाठवायची, तिचे देवनागरी उत्तर, चुकीचे का असेना, जो पाठवील तो आत. आम्ही 'तुमच्या एका कुंडीचा फोटो पाठवा' एवढेच विचारत असू. पायरी इतकी लहान की खऱ्या हौशीला ती जाणवत नाही, पण ज्याला फक्त काम करून घ्यायचे आहे तो तेथूनच परत फिरतो. आमच्या सातशेंपैकी पायरी चढून नव्वद आले. ते नव्वद पुरले.

राहिली खिडकी. ती तुम्ही चालवलीच पाहिजे असा कोठे नियम नाही, हे आधी मनाला सांगा. चालवायचीच असेल तर दिवस आणि वेळ ठरवून चालवा, म्हणजे उदाहरणार्थ रविवारी दहा ते बारा, त्या दोन तासांत जे कागद येतील ते, बाकीचे पुढच्या रविवारी. आणि ती तुम्ही एकट्याने चालवू नका. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पण म्हणून एकच विणेकरी सात दिवस उभा राहत नाही. पहारे लावलेले असतात आणि आपला पहारा संपला की माणूस निवांत घरी जाऊन झोपतो. तुम्ही वीणा घेऊन चार वर्षे उभे आहात.

पहारे लावताना एक काळजी घ्या. 'कोणाला मदत करायला आवडेल?' असे सर्वांना विचारू नका, कारण त्यावर अंगठे खूप येतात आणि माणूस एकही येत नाही. चार जणांना स्वतंत्रपणे फोन करा आणि 'महिन्यातील दुसरा रविवार तुमचा' असे नेमके काम सांगा. मी हे शिकायला तीन वर्षे घेतली.

टेलिग्रामबद्दल म्हणाल तर तेथे सोयी चांगल्या आहेत, विषयांप्रमाणे कप्पे करता येतात, फोन क्रमांक सर्वांना दाखवावा लागत नाही. पण गोंधळ हा ॲपचा नाही. घर बदलले म्हणजे सामान कमी होत नाही, ते फक्त नव्या घरात पसरते.

उत्तर : ओसरी

मी वेगळे मत मांडतो. सूचनाफलक वगैरे न ठेवता दोन्ही मोठे गट सरळ बंद करावेत. पंधरा दिवस आधी कळवावे, आभार मानावेत आणि बंद करावेत. अर्धवट चालू ठेवलेली गोष्ट चालवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चालूच राहते.

उत्तर : दक्षिणेची_सून

मी चेन्नईत राहते आणि अशाच एका मोडी गटात दोन वर्षे आहे. या दोन वर्षांत मी तेथे एकूण तीन निरोप लिहिले असतील. चालवणाऱ्यांच्या अडचणी वर आल्याच आहेत, म्हणून न बोलणाऱ्यांच्या बाजूने थोडे लिहिते.

संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 2006 मध्ये ऑनलाइन समूहांविषयी एक ठोकताळा मांडला होता, की शंभरांतील नव्वद जण नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एकच जण सतत लिहितो. तो प्रत्येक गटाला तंतोतंत लागू पडेल असे नाही, पण साधारण चित्र तसेच असते, आणि चालवणाऱ्याला वाटते की हे नव्वद जण फुकटे आहेत. आम्ही फुकटे नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राज्यकर्त्यांच्या काळातील मोडी कागद आहेत हे येथे आल्यावर कळले, आणि घरापासून इतक्या लांब आपल्या लिपीतील कागद असावेत याचेच मला अप्रूप वाटले. मी रोज रात्री जुन्या ओळी उघडून वहीत उतरवते. लिहीत नाही, कारण पहिल्यांदा लिहिले तेव्हा 'मौजे' हा शब्द मी 'माजे' असा वाचला आणि दोन जाणकारांनी त्यावर हसण्याची चित्रे टाकली. त्यांच्या मनात वाईट नव्हते, हे मला माहीत आहे. तरीही पुढचे सात महिने मी काही लिहिले नाही.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली अक्षरे चालवत जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे नवशिक्याची पहिली शंभर वाचने चुकणारच असतात. अशा विषयाच्या गटात चुकण्याला जागा नसेल तर तेथे जाणकारच जाणकारांशी बोलत राहतात, आणि जाणकार म्हणजे किती, तर सात-आठ. मग सगळा भार त्यांच्यावरच पडतो. जाणकार घडत नाहीत म्हणून भार हलका होत नाही, आणि भार हलका होत नाही म्हणून नवे घडवायला कोणाला सवड नसते.

आमच्या गटात आता एक रीत पडली आहे. सोमवारी ओळ येते, आणि गुरुवारी रात्रीपर्यंत जाणकारांनी तोंड उघडायचे नाही. सुरुवातीला त्यांना ते फार जड गेले. एका काकांनी तर मंगळवारी उत्तर टाकले आणि लगेच पुसूनही टाकले, ते सर्वांनी पाहिले. पण त्या तीन दिवसांत आम्ही नवशिके आपापसांत भांडतो, एकमेकांची अक्षरे सोडवतो, आणि शुक्रवारी उत्तर येते तेव्हा ते बहुधा आमच्यापैकीच कोणाचे तरी असते. रोज एक ओळ टाकण्याचा हट्ट धरू नका. आठवड्याला एक ओळ पुरते. आमच्यासारख्या घरसंसार सांभाळणाऱ्यांना तीच झेपते.

प्रश्नकर्ता : बोरू_आणि_दौत

तिघांचेही आभार. भोपळेसाहेब (नावाबद्दल क्षमा असावी), दुवा काल रात्रीच रीसेट केला आणि संमतीची सेटिंग चालू केली. आज सकाळी एकोणीस जण दारात उभे होते. पूर्वी ते मला न कळता आत आले असते.

'माजे' वाचून हसणाऱ्यांत मीही कधीतरी असेन, या विचाराने ओशाळलो.

एका बाबतीत मात्र माझे मन तयार होत नाही. गेल्या वर्षी माण तालुक्यातून एक वयस्क शेतकरी नातवाला घेऊन माझ्या घरी आले. कागद आजोबांच्या वेळचा, तीन पिढ्या पेटीत जपलेला, आणि आता खराब होऊ नये म्हणून त्यांनी तो बाजारातून लॅमिनेट करून आणला होता. प्लास्टिकच्या आत शाईवर बुडबुडे आले होते आणि दोन ओळी कायमच्या गेल्या होत्या. जे उरले होते ते मी वाचून दाखवले. आजोबांनी विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवून घेतली होती, एवढाच मजकूर. ते गृहस्थ ज्या नोंदीसाठी आले होते ती त्यात नव्हती. तरीही आजोबांचे नाव ऐकताना ते पाटावर नीट सावरून बसले. अशा माणसाला 'रविवारी दहा ते बारा' कसे सांगावे? आणि खिडकी बंद करावी तर ते जाणार कोठे?

उत्तर : काळा_डगला

मी वकिली करतो. भावनेचा भाग बाजूला ठेवून तीन गोष्टी सांगतो.

ॲडमिन म्हणून तुम्ही किती घाबरावे, तर फार नाही. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असे म्हटले आहे की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेली योजना असल्याशिवाय, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. याचा अर्थ डोळे मिटून बसावे असा नाही; आक्षेपार्ह काही दिसले तर ते पुसून टाकण्याची सोय ॲडमिनला आहे आणि ती वापरावी.

वाचनाबद्दल मात्र जास्त जपा. गटात होते ते लिप्यंतर, म्हणजे मोडी अक्षरे देवनागरीत उतरवणे. ते दाखला नव्हे आणि प्रमाणपत्रही नव्हे. प्रत्येक वाचनाखाली 'अभ्यासासाठी केलेले वाचन, कार्यालयीन कामास वापरू नये' ही ओळ असलीच पाहिजे, आणि ज्याला कार्यालयात द्यायचे आहे त्याने कोणाचे लिप्यंतर तेथे चालते हे त्या कार्यालयातच विचारावे. अर्जाला जोडलेल्या चुकीच्या वाचनाचा तुमचा प्रसंग या एका ओळीने टळला असता असे नाही, पण गटाला तोंड वर करून बोलता आले असते.

तिसरी गोष्ट कोणी काढली नाही. गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याच्या एका पानावर जन्ममृत्यूच्या नोंदी ओळीने असतात. तुमचा सभासद आपल्या पणजोबांची नोंद वाचून घेण्यासाठी पूर्ण पान टाकतो, आणि त्याबरोबर गावातील इतर दहा घरांच्या जातीच्या, मृत्यूच्या, क्वचित मृत्यूच्या कारणाच्या नोंदी साडेबाराशे फोनांत जातात. त्या घरांना कोणी विचारलेले नसते. जमिनीच्या वाटणीचे कागद तर याहून नाजूक, कारण त्यांवर आजही दावे चालू असतात आणि दुसरा पक्ष याच गटात असू शकतो. म्हणून गरजूंचे कागद कोणत्याही गटात येऊच नयेत. एक वेगळा क्रमांक किंवा ईमेल ठेवा. कागद तेथे एकालाच दिसेल, आणि वाचून झाला की पुसला जाईल. खिडकी चालवण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, गर्दी हे दुसरे.

उत्तर : गच्चीवरचा_भोपळा

माणच्या आजोबांविषयी. ते तुमच्या घरी आले, गटात आले नाहीत. दारी आलेल्याला पाट देणे वेगळे आणि अनोळखी हजार जणांना चोवीस तास आपले दार उघडे ठेवणे वेगळे. पहिले तुम्ही आयुष्यभर करू शकता, आणि दुसरे थांबवलेत तरच ते करण्याची ताकद उरेल. शिवाय ज्यांना खरोखर गरज असते ते रविवारपर्यंत थांबतात. तीन पिढ्या पेटीत राहिलेला कागद आणखी चार दिवस राहतो.

उत्तर : दप्तर_बांधणारा

मी ग्रंथालयात नोंदी ठेवण्याचे काम करतो, त्यामुळे माझा रोख दुसरीकडे आहे. तुमच्या दमण्याचा बराच भाग हा तेच ते पुन्हा सांगण्याचा असणार, असा माझा अंदाज आहे. व्हॉट्सॲपचा गट म्हणजे वाहते पाणी. आज विचारलेला प्रश्न परवा कोणालाच सापडत नाही, आणि नवीन आलेल्याला त्याच्या येण्याआधीचे काही ठाऊक नसते. त्याने पुन्हा विचारले तर दोष त्याचा नाही.

एक साधे उदाहरण घेतो. पेशवाईतल्या कागदावर 'सु॥ सबा सबैन मया व अलफ' असे दिसले की नवशिका अडतो. हे शुहूर सन आहे, म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणारी वर्षगणना, आणि आकडे अरबी शब्दांत आहेत: सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज 1177 होते. शुहूर वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळे त्यात कागदाच्या महिन्याप्रमाणे 599 किंवा 600 मिळवावे लागतात, म्हणजे हा कागद 1776-77 मधला. सबा आणि सबैन, तिसा आणि तिसैन यांत लोक हटकून घसरतात. तारखेपूर्वीचा 'छ' म्हणजे चंद्र, हेही प्रत्येक नवा माणूस विचारतो. आता खरे सांगा, हे सगळे तुम्ही गेल्या चार वर्षांत किती वेळा टाइप केले असेल?

हे एकदाच, नीट, एका ठिकाणी लिहा. त्यासाठी संकेतस्थळ नको, सजावट नको. सर्वांना वाचता येईल आणि चौघांनाच बदलता येईल अशी एक गूगल शीट पुरते. एका पानावर नेहमीची संक्षेपचिन्हे, दुसऱ्यावर शुहूर सनाचे आकडे, तिसऱ्यावर आजवरच्या ओळी आणि त्यांची वाचने. वाचने देवनागरीतच लिहावीत. 2014 मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली आहे, पण पुष्कळ फोनांवर ती अक्षरे अजून चौकोन होऊन दिसतात, आणि फोटोतील मजकूर तर शोधताच येत नाही. देवनागरीत 'मौजे' लिहिलेले असेल तर सहा महिन्यांनी शोधल्यावर सापडते.

फोटो कसा काढावा हेही त्यातच लिहा: दिवसा, खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून, कागद सपाट ठेवून बरोबर वरून, चारही कडा दिसतील असा, आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो बारीक करून टाकते आणि काना-मात्रा पुसट होतात. कागद लॅमिनेट करू नये, हे सर्वांत वर आणि ठळक.

ही शीट तुम्ही बसून भरू नका, एवढे मात्र पाहा. ज्याचा प्रश्न सुटला त्यानेच ती ओळ शीटमध्ये लिहायची, अशी प्रथा पाडा. लिहिलेले तपासायला चौघे आहेतच. माझ्या अनुभवाप्रमाणे दहा जणांना सांगितले तर तिघे लिहितात, आणि ते तिघे पुढे तुमचे पहारेकरी होतात. वेगळे शोधावे लागत नाहीत.

'ओसरी' यांचे म्हणणे मात्र मला पटत नाही. मोठा गट एकदम बंद केला की त्यातील जुनी वाचनेही लोकांच्या हातून जातात. आधी त्यातले घेण्यासारखे शीटमध्ये घ्यावे, मग वाटल्यास बंद करावा.

प्रश्नकर्ता : बोरू_आणि_दौत

तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

दोन्ही मोठ्या गटांत आता मलाच लिहिता येते. पहिल्या दिवशी पन्नासेक जण बाहेर पडले, दोघांनी खाजगीत खरमरीत पत्रे लिहिली, एकाने 'हुकूमशाही' हा शब्द वापरला. चौथ्या दिवसानंतर कोणी काही म्हटले नाही. लहान गटासाठी जी ओळ ठेवली ती मुद्दाम सोपी होती, 'राजश्री' ने सुरू होणारी. एकशे तीन उत्तरे आली, त्यांतली साठ चुकलेली, आणि एकशे तीनही जण आत घेतले. सोमवारी ओळ येते आणि गुरुवारपर्यंत जाणकार गप्प असतात. मला स्वतःला गप्प राहणे अवघड जाते म्हणून मी ती ओळ दुसऱ्याच कोणाला निवडायला सांगतो, म्हणजे मलाही थोडे डोके लावावे लागते.

खिडकीसाठी जुने सिम घातलेला दुसरा फोन काढला आहे, तो रविवारी चालू होतो आणि बारा वाजता बंद होतो. चार पहारेकरी मिळाले. त्यांपैकी दोघी अशा आहेत की ज्यांनी गटात कधी तोंड उघडलेले मी पाहिले नव्हते, आणि एकीचे वाचन माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. पहिल्या रविवारी एकतीस कागद आले, दुसऱ्या रविवारी चौदा. प्रत्येक उत्तराखाली डगलेसाहेबांनी सांगितलेली ओळ जाते. पैसे मागणाऱ्या गृहस्थांशी फोनवर बोललो. त्यांनी आता स्वतःच्या नावाने काम सुरू केले आहे, आणि तसे करण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

शीट निम्मी भरली आहे. शुहूर सनाचे पान एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने असे करून दिले की आकड्यांचे शब्द निवडले की इसवी सन आपोआप येते. फक्त मृगाच्या आधीचा महिना असेल तर ते अजून एका वर्षाने चुकते, त्यावर तो काम करतो आहे. कोणाकडे शुहूर सन आणि शक दोन्ही लिहिलेले, वैशाख-ज्येष्ठातले कागद असतील तर त्यांतली फक्त तारखेची ओळ पाठवावी, त्याला पडताळणीसाठी हवी आहे.